ब्रह्मचारी पणजोबा

शेजारच्या काकांना मी चार पिढ्यांचं एक आख्खं घराणं शोधून दिलं आणि ते आख्खं चुकीचं निघालं. चूक लहानसहान असती तर मी ती गिळून टाकली असती. एखादी आत्या जास्त, एखादा चुलता कमी, एवढं कुठल्याही घरात खपून जातं. पण मी अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या एका सज्जन माणसाला नेऊन भलत्याच लोकांच्या कबरीपाशी उभं केलं होतं, आणि त्यांनी तिथे फुलझाडंसुद्धा लावली होती.

हे काका नात्याने आमचे कोणी नव्हेत. ब्लँचर्डस्टाउनला आमच्या घराची एक भिंत त्यांच्या घराला लागून आहे, एवढंच नातं. आयुष्यभर त्यांनी बस चालवली, लग्न केलं नाही, आणि आम्ही राहायला आलो त्या आठवड्यात कुठल्या रंगाचा कचऱ्याचा डबा कुठल्या वारी बाहेर ठेवायचा हे आमच्याकडून पाठ करून घेतलं. माझी मुलगी बोलायला लागली तेव्हापासून त्यांना काका म्हणते. तो शब्द म्हणजे काय हे त्यांनी कधी विचारलं नाही, पण हाकेला ओ देतात.

जुलैतल्या एका रविवारी त्यांनी मला गाडीने एका कबरस्तानात सोडशील का म्हणून विचारलं. नवरा औषधांच्या कारखान्यात शिफ्टला गेलेला, त्यामुळे नाही म्हणायला काही कारण सापडेना. मला वाटलं, कोणाचा तरी स्मृतिदिन असेल. जाऊन बघते तर जत्रा! इकडे आयरिश लोकांत उन्हाळ्यात गावोगावी एक रविवार कबरींसाठी राखून ठेवलेला असतो. लोक आधी आठवडाभर येऊन आपापल्या माणसांच्या कबरी घासूनपुसून लख्ख करतात, आणि त्या दिवशी सगळं कुटुंब आपल्या कबरीशेजारी उभं राहतं. फादर माइकवर प्रार्थना म्हणत ओळींमधून फिरतात आणि पाणी शिंपडतात. घडीच्या खुर्च्या, चहाचे थर्मास, हॅम सँडविच, इस्त्रीचे कपडे घातलेली पोरं. आपल्याकडे स्मशानातून आलं की अंघोळ केल्याशिवाय कोणी घरात पाऊल टाकत नाही. इथे आजीच्या उशाशी बसून लोक केक कापत होते.

काका कुठल्याच कबरीकडे गेले नाहीत. ते माझ्या गाडीला पाठ टेकून उभे राहिले. पिवळं जाकीट घातलेला एक स्वयंसेवक येऊन म्हणाला की सगळ्यांनी आपापल्या लोकांपाशी जावं, फादर निघाले आहेत. काका म्हणाले, मी गाडीबरोबर आहे. मागाहून मला कळलं की नोकरीत असताना त्या रविवारची जादा बस तेच चालवायचे आणि सगळा सोहळा बसपाशी उभं राहून बघायचे. निवृत्त झाल्यावर बस गेली. तेव्हापासून ते दरवर्षी कोणा ना कोणाच्या गाडीबरोबर असायचे.

परतताना मी जरा फणकाऱ्यानेच विचारलं की तिथे तुमचं कोणीच नाही तर जाता कशाला. रविवारची दुपार वाया गेल्याचा तो राग होता, आणि आता आठवला की माझी मलाच लाज वाटते. काकांनी शांतपणे सांगितलं. आईवडील इंग्लंडला कामाला गेले आणि तिथेच वारले. त्यांच्या नावाचा दगडही कुठे नाही. वडील मूळचे कुठल्या गावचे ते त्यांनी कधी सांगितलं नाही. विचारलं की फक्त काउंटीचं, म्हणजे जिल्ह्याचं, नाव घ्यायचे आणि रेडिओ मोठा करायचे.

"माझी मागणी मोठी नाही," काका म्हणाले. "वर्षातून एकदा शेजारी उभं राहायला माझ्या माणसांचा एक दगड, आणि वेळ आली की त्याखाली जागा. कोणाच्या तरी गाडीबरोबर पुरून घ्यायची माझी इच्छा नाही."

हे ऐकलं आणि माझ्या अंगातच आलं. माझा पोटापाण्याचा धंदाच हा. सँडीफोर्डच्या एका ऑफिसात बसून, दोन याद्यांमधली दोन माणसं खरी एकच आहेत का, हे ओळखणारे प्रोग्राम मी लिहिते. कोणी पत्ता बदलो, आडनाव बदलो, जन्मतारीख चुकवो, माझ्या हातून तो सुटत नाही, अशी माझी ऑफिसात ख्याती आहे आणि ती पसरवण्यात माझाच मोठा हात आहे. मी म्हटलं, काका, दोन शनिवार द्या.

दोन शनिवारांचे तीन महिने झाले.

काकांचा सगळा ऐवज एका बिस्किटांच्या डब्यात होता आणि डबा हॉट प्रेसमध्ये, म्हणजे गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात, टॉवेलांखाली. त्यात वडिलांच्या लग्नाचा दाखला होता. त्यावर काकांच्या आजोबांचं नाव, आडनाव आणि धंदा: मजूर. दुसरी वस्तू म्हणजे त्या आजोबांचं प्रार्थनेचं पुस्तक. पहिल्या पानावर पोरवयातल्या गोल अक्षरात आख्खं नाव घातलेलं, मधल्या नावासकट. झालं, संपली इस्टेट.

त्या काउंटीत आडनावं मोजून दहाबारा आणि पुरुषांची नावं त्याहून कमी. १९०१ च्या जनगणनेत काकांच्या आजोबांच्या नावाची, आडनावाची आणि साधारण वयाची अकरा पोरं निघाली. अकराही मजुरांची. ऑफिसात असली यादी आली असती तर मी सरळ परत पाठवली असती.

बरं, आणखी मागे जाऊन बघावं, तर मागे काही शिल्लकच नाही. या देशाने आपले कागद फार मनापासून नाहीसे केलेत. काही जनगणना सरकारनेच लगद्याला दिल्या, कागदाची टंचाई होती म्हणून. ज्या उरल्या त्यांतल्या बहुतेक १९२२ साली यादवीत जळाल्या, कारण जुन्या दप्तरांच्या इमारतीत लढणारे जाऊन बसले होते. चर्चच्या वह्या तेवढ्या बचावल्या, पण त्या लॅटिनमध्ये, आणि लिहिणाऱ्या फादरांचं अक्षर असं की देवालाही तोंडीच सांगावं लागलं असेल. एका गावच्या वहीत सलग नऊ वर्षं कोणी जन्मलंच नाही. मी हळहळले, दुष्काळ असेल. चौकशी केली तर ती पानं उंदरांनी खाल्ली होती.

वयांची तर वेगळीच मौज. १९०१ साली चोपन्न वर्षांचा असलेला माणूस १९११ साली एकाहत्तर वर्षांचा. त्याची बायको दहा वर्षांत पंधरा वर्षांनी मोठी. शेजारचं घर तसंच, त्याच्या शेजारचंही तसंच. मला वाटलं माझाच प्रोग्राम बिघडला. दोन रात्री मी तो उसवून बघितला. मग काकांनी खुलासा केला की मधल्या काळात सत्तरीनंतर पेन्शन सुरू झालं होतं आणि जन्माचे दाखले कोणाकडेच नव्हते. लोक सवडीने सत्तर झाले. हे सांगताना काकांचा चेहरा अभिमानाने फुलला होता.

तर अशा या कर्दमात रुतून बसले असताना मला मधलं नाव दिसलं. अकरा पोरांपैकी एका, आणि फक्त एकाच, पोराच्या बापाचं नाव तेच होतं. मी पुण्याची. शाळेच्या दाखल्यापासून गॅसच्या पुस्तकापर्यंत माझं मधलं नाव वडिलांचं होतं, लग्नानंतर ते नवऱ्याचं झालं. माणसाच्या नावाच्या मधोमध बाप असतो, हे मला कधी कोणी शिकवलं नाही. पाणी खाली वाहतं हे तरी कोण शिकवतं? मी तो नियम प्रोग्राममध्ये घातला आणि घातला आहे हे विसरूनही गेले. एका फटक्यात दार उघडलं. पोराचा बाप म्हणजे काकांचे पणजोबा. पणजोबांच्या लग्नाच्या नोंदीत त्यांचे वडील, आणि त्यांच्याही वडिलांचं नाव शेतसाऱ्याच्या जुन्या वहीत, एक खोली, एक डुकराचा गोठा, या मालमत्तेसकट. इतकं सुरळीत काही जमलं म्हणजे कुठेतरी चुकलंय, हे मला कळायला हवं होतं. मी मात्र ऑफिसात पेढे वाटले.

ऑक्टोबरात मी काकांना घेऊन त्या गावी गेले. गाडीने दोन तास. छप्पर नसलेलं एक जुनं चर्च, मागे कबरी, आणि शेवाळलेल्या एका उंच दगडावर काकांचं आडनाव. काकांनी टोपी काढली. माझा ऊर भरून आला. हे खोटं कशाला सांगू, तेव्हा तो खरोखरच भरून आला होता.

तेवढ्यात गमबूट घातलेल्या एक बाई कुंपणापलीकडून आल्या. साठीच्या, पलीकडच्या शेताच्या मालकीण. त्या घराण्यातल्या आता गावात त्या एकट्याच उरल्या होत्या, भाऊ ऑस्ट्रेलियाला. मी माझा कागदांचा गठ्ठा काढायला लागले. बाईंनी गठ्ठ्याकडे ढुंकून बघितलं नाही. काकांकडे मात्र दोनदा बघितलं, एकदा समोरून आणि एकदा बाजूने.

"कान आमचेच," त्या म्हणाल्या, आणि चहाला घेऊन गेल्या.

स्वयंपाकघरात भिंतीवर पणजोबांचा फोटो होता आणि कान खरंच तसेच होते. परतताना मी गावच्या दुकानात पाणी घ्यायला थांबले, तर रांगेतल्या प्रत्येकाचे कान तसेच होते. पण त्या दिवशी मला तो पुराव्याला आणखी भक्कम आधार वाटला.

त्यानंतर काका दर दुसऱ्या शनिवारी मोफत पासावर दोन बस बदलून गावी जायला लागले. दगड ब्रशने घासून त्यांनी अक्षरं वर काढली, कुंपण छाटलं, फुलझाडं लावली. एवढं ठीक होतं. पण घराणं मिळालं म्हणजे नुसते कान मिळत नाहीत, त्याबरोबरचं सगळंच येतं. बाई बोलता बोलता म्हणाल्या होत्या की आमच्यातले पुरुष हृदयाने जातात. काकांनी लगेच डॉक्टरची वेळ घेतली, घराण्याचा इतिहास सांगून सगळ्या तपासण्या करून घेतल्या. हृदय ठणठणीत निघालं. ते दोन दिवस हिरमुसलेले होते.

मग वैर आलं. त्या घराण्याचं पलीकडच्या वळणावरच्या घराशी तीन पिढ्यांपासून बोलणं नव्हतं. कारण एक फाटक. ते कोणाच्या खांबावर टांगायचं यावरून काही झालं होतं. त्या घरात आता काकांच्याच वयाचे एक म्हातारे होते. काकांनी त्यांना आयुष्यात कधी पाहिलेलं नव्हतं. पण नाताळच्या दिवशी चर्चमधल्या प्रार्थनेला ते समोर आले तेव्हा काकांनी मान फिरवली. मला सांगताना, इकडच्या पद्धतीने त्या म्हाताऱ्यांचं नाव न घेता, म्हणाले, "युअर मॅन माझ्याकडे असा बघत होता, जसं काही फाटक त्याचंच आहे." ज्या माणसाने चाळीस वर्षं बसमध्ये चढणाऱ्या प्रत्येकाला गुड मॉर्निंग म्हटलं, तो आता वैर पाळत होता, आणि त्यात सुखी होता.

मार्चमध्ये बाईंनी काकांना सांगितलं की कबरीत अजून एकाची जागा आहे. त्या स्वतः नवऱ्याच्या माणसांत जाणार, भाऊ काही परत येत नाही, तेव्हा ती जागा तुम्ही घ्या. कबरस्तानाच्या कमिटीला तशी चिठ्ठीही त्यांनी देऊन टाकली. काकांनी रात्री येऊन आम्हाला ही बातमी दिली ती एखाद्याने घराचा ताबा मिळाल्याची द्यावी तशी. यंदाच्या कबरींच्या रविवारी ते पहिल्यांदा आपल्या दगडापाशी उभे राहणार होते. त्यासाठी त्यांनी नवा कोट शिवायला टाकला.

आणि एप्रिलमध्ये माझी मुलगी शाळेतून रडत आली.

तिच्या वर्गात कन्फर्मेशनची तयारी चालली होती. बारा वर्षांच्या पोरांना बिशप चर्चमध्ये आशीर्वाद देतात, मुलींना नवे कपडे, घरी पार्टी. आमच्यासारख्यांची मुलं तेव्हा मागच्या बाकावर चित्रं रंगवतात. कपड्यांचं तिला फार वाटत नव्हतं. तिचं दुःख वेगळं होतं. बाकी सगळ्यांना आणखी एक नाव मिळणार आणि तिलाच नाही. मी विचारलं, कसलं नाव? तिने तिच्या त्या आयरिश हेलाच्या इंग्रजीत समजावलं की प्रत्येकाने आपल्याला आवडेल त्या संताचं नाव निवडायचं आणि ते आपल्या नावाच्या मधे घालायचं. मी म्हटलं, मधे तर वडिलांचं असतं ना.

"व्हाय वुड यू पिक युअर डॅड्स नेम?" ती म्हणाली. "दॅट्स सो वियर्ड, आई."

मी हातातली पोळी तव्यावर टाकली आणि ती तिथेच करपू दिली. काकांचं प्रार्थनेचं पुस्तक आमच्याकडेच होतं. पहिलं पान काढलं. नावाखाली बारीक अक्षरात एक ओळ होती, जिला मी तीन महिने नक्षी समजत होते. त्यात तारीख होती आणि बिशपांच्या हस्ते असं होतं. म्हणजे बारा वर्षांच्या एका पोराने आपल्याला आवडला म्हणून एक संत निवडला होता, आणि मी त्या संताला त्याचा बाप केलं होतं. मी संताची माहिती शोधली. चौदाशे वर्षांपूर्वीचे, एका बेटावर एकटे राहणारे, आणि अर्थात आजन्म ब्रह्मचारी. काकांचे पणजोबा!

नियम काढून मी प्रोग्राम पुन्हा चालवला. अकरा पोरं जशीच्या तशी परत आली आणि माझ्याकडे बघत बसली. अकरांत एक. त्यापलीकडे सांगणारा कागद या पृथ्वीवर नव्हता, तो लगद्यात किंवा उंदरांच्या पोटात गेला होता.

सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. एप्रिल गेला, मे गेला. काका कुंपणापलीकडून कुठली झाडं जगली ते सांगायचे आणि मी कपडे वाळत घालत मान डोलवायचे. इतक्या वर्षांत ऑफिसात मी चुका केल्या नाहीत असं नाही, पण तिथे चूक झाली की कोणाचं तरी पत्र भलत्या पत्त्यावर जातं. इथे माणूस जाणार होता. माझी झोप उडाली. चुकीची मला लाज होती, पण त्याहून भीती होती ती काकांचा चेहरा बघायची.

जूनमध्ये सासूबाई आल्या. त्या अमरावतीकडच्या, इंग्रजीचा गंध नाही, पण आल्यापासून चौथ्या दिवशी त्यांनी माझं लक्ष ठिकाणावर नाही हे ओळखलं. भाकऱ्या थापता थापता त्यांनी मला बोलतं केलं. मी सगळं सांगितलं. संतांचं ऐकून त्या इतक्या हसल्या की भाकरी मोडली. मग गंभीर झाल्या.

"आपल्या घरचा पणजोबा बी दत्तकच होता, तुले माहीत नाई?" त्या म्हणाल्या. "कोनाचं पोर, कोनाच्या घरात आलं. आज त्याच्याच नावानं पानी सोडतेत ना सारे?"

मला हायसं वाटलं. म्हणजे सांगायची गरज नाही, असं मी म्हणाले.

"सांगा तं लागनच," त्या म्हणाल्या. "दत्तक काही चोरून नसते होत. चार लोकाईच्या समोर मांडीवर घ्या लागते. चोरून नेलं त त्याले पोर पळवनं म्हनते."

त्या कबरींच्या रविवारी आम्ही तिघं गाडीने निघालो. सासूबाई घरी थांबायला तयार नव्हत्या. स्मशानात सँडविच खाणारे लोक त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी बघायचे होते. अंघोळीचं पाणी परत आल्याबरोबर तापलेलं हवं, असं त्यांनी मुलाला बजावून ठेवलं होतं. काका नव्या कोटात पुढे बसले होते. मी वाटेतच सांगायचं ठरवलं होतं. पहिल्या पेट्रोल पंपापाशी, मग दुसऱ्या. शेवटी गाव आलं.

बाईंच्या स्वयंपाकघरात, पणजोबांच्या फोटोखाली, मी दोघांनाही सांगून टाकलं. मधलं नाव, बिशप, संत, अकरा पोरं. फार भरभर सांगितलं आणि मधेच रडू आलं ते आवरलं नाही. सासूबाईंना शब्द कळत नव्हता, पण त्या माझ्या खुर्चीमागे उभ्या होत्या.

काकांनी हातातला कप टेबलावर ठेवला.

"मग मी कोणाचा?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, मला माहीत नाही. आणि कधी कळेल असंही वाटत नाही.

ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. ते उठले, खुर्ची नीट टेबलाखाली सरकवली आणि बाईंना म्हणाले की झाल्या प्रकाराबद्दल माफी असावी, तुमची फार तसदी घेतली. फुलझाडांना मंगळवारी पाणी लागेल, हेही सांगितलं. मग बाहेर निघून गेले. मी बाईंची क्षमा मागायला लागले. त्यांनी मला मधेच थांबवून विचारलं की नक्की शक्यता किती म्हणालीस. मी म्हटलं, अकरांत एक.

"याहून वाईट घोडे जिंकलेत," त्या म्हणाल्या. त्यांनी गमबूट काढून चांगले बूट घातले. तीनला फादर सुरू करतात, उशीर चालत नाही, एवढंच म्हणाल्या आणि घडीची खुर्ची काखेत मारून गेल्या.

आम्ही कबरस्तानाशी पोचलो तेव्हा लोक आपापल्या जागी उभे राहिले होते. बाई आपल्या दगडापाशी होत्या. काका आत शिरले नव्हते. आत जायला दगडाच्या तीन उंच पायऱ्या आहेत, त्यांच्या पायथ्याशी ते उभे होते, हात मागे बांधून. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मग चर्चच्या भिंतीकडे पाहिलं. माझ्या गाडीपाशीच उभे राहिले असते तरी चाललं असतं, असं मला वाटलं. ते तिथेही गेले नाहीत. मला स्वतःची इतकी चीड कधी आली नव्हती.

तेवढ्यात वळणावरच्या घरचे ते म्हातारे आले, काठी टेकत, मागे त्यांची मुलं-नातवंडं. पायऱ्यांपाशी त्यांचा पाय अडखळला. काकांनी विचार न करता हात पुढे केला. चाळीस वर्षांत बसच्या दारात त्यांनी किती म्हाताऱ्यांना असा हात दिला असेल.

म्हातारे त्या हाताकडे बघत राहिले. माइक खरखरत होता, आणि रांगांमधली माणसं वळून बघायला लागली होती.

"तुमच्या घरच्यांचा हात," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "माझ्या आजोबाने धरला नाही, बापाने धरला नाही. मीही धरणार नाही."

आणि काठी आपटत, एकेक पायरी चढत, ते आपल्या माणसांकडे गेले.

काकांचा हात तसाच पुढे राहिला होता. तो त्यांनी सावकाश मागे घेतला. कोटाचं वरचं बटण लावलं, मान ताठ केली, तीन पायऱ्या चढले आणि कबरींच्या मधून, कोणाकडे न बघता, सरळ आपल्या दगडाकडे चालत गेले. बाईंनी आपली खुर्ची हातभर बाजूला सरकवली.

सासूबाईंनी माझं मनगट धरलं. तो बुढा काय म्हणाला, असं त्यांनी विचारलं. मी डोळे पुसत शब्दशः सांगितलं.

"झालं मंग," सासूबाई म्हणाल्या.